देशासाठी खेळण्याचा हक्क : महिला टेनिसच्या फेडरेशन चषकाची कथा

१/
सन १९२१. भारताचा पुरुष टेनिस संघ डेव्हिस चषकात प्रथमच उतरला आणि पॅरिसमध्ये फ्रान्सला पराभूत करून गेला. महिलांच्या तशाच जागतिक सांघिक स्पर्धेत भारताचा संघ प्रथम दिसला तो १९९१ साली. मध्ये सत्तर वर्षे गेली. या विलंबाची काही कारणे भारतात सापडतील. पण सर्वच नव्हे. कारण या सत्तरांपैकी पहिली बेचाळीस वर्षे महिलांसाठी अशी स्पर्धाच जगात नव्हती. ती का नव्हती आणि शेवटी कशी निर्माण झाली, त्याचा हा धागा.

२/
आरंभ पुरुषांच्या चषकापासून करावा लागतो. १९०० साली हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण टेनिसपटू ड्वाइट डेव्हिस याने चांदीचे एक मोठे पात्र स्पर्धेसाठी देऊ केले. बोस्टनच्या लाँगवुड क्रिकेट क्लबवर अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिली लढत झाली. देश दोनच. १९०४ साली बेल्जियम आणि फ्रान्स आले, मागोमाग ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांचा संयुक्त संघ आला. दोन देशांच्या मित्रत्वाच्या लढतीची वीस-एक वर्षांत जागतिक स्पर्धा झाली. तिचे दार इतरांसाठी उघडे होते, म्हणून भारतही १९२१ साली त्या दारातून आत जाऊ शकला.

३/
महिलांसाठी असेच दार असावे, हा विचार १९१९ साली मांडला गेला. मांडणारी होती हेझल हॉचकिस वाइटमन. कॅलिफोर्नियात १८८६ साली जन्मलेल्या या खेळाडूने १९०९, १९१० आणि १९११ या सलग तीन वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली होती. लग्नानंतर ती बोस्टनला स्थायिक झाली. १९१९ साली, संसार आणि मुलेबाळे सांभाळून, तिने एकेरीचे राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा एकदा जिंकले. तिचा शब्द टेनिसच्या जगात हलका नव्हता.

४/
तरीही प्रस्ताव मान्य झाला नाही. वाइटमनबाईंनी मग वाद घालत बसण्याऐवजी एक चांदीचा कलश करवून घेतला आणि तो भेट म्हणून दिला. डेव्हिसने जे केले होते तेच त्यांनी केले : आधी चषक, मग स्पर्धा. कलशासाठी जगभरातील महिला संघांनी झुंजावे, अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात १९२३ साली त्यासाठी समोरासमोर आले ते पुन्हा दोनच देश, अमेरिका आणि ब्रिटन.

५/
ऑगस्ट १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स येथे नवे स्टेडियम उभे राहिले. त्याचे उद्घाटन याच लढतीने झाले. पाच एकेरी आणि दोन दुहेरी अशा सातही सामन्यांत अमेरिका विजयी ठरली. दुहेरीच्या एका सामन्यात छत्तीस वर्षांच्या वाइटमनबाई स्वतः खेळल्या आणि जिंकल्या. पुढच्या वर्षी विम्बल्डनवर ब्रिटनने ६-१ अशी परतफेड केली. ‘वाइटमन चषक’ हे नाव रूढ झाले.

६/
येथे दोन चषकांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डेव्हिस चषक दोन देशांपासून सुरू होऊन पसरत गेला. वाइटमन चषक १९८९ साली बंद पडेपर्यंत दोन देशांचाच राहिला. ६१ लढतींपैकी ५१ अमेरिकेने जिंकल्या. या मर्यादेचा अर्थ काय, हे एका नावावरून कळते. १९२० च्या दशकातील सर्वश्रेष्ठ महिला टेनिसपटू होती सुझान लेंगलेन. ती फ्रान्सची. तेव्हा जगातील महिलांच्या या सर्वांत प्रतिष्ठित सांघिक लढतीत तिला स्थान नव्हते. फ्रान्सचे पुरुष डेव्हिस चषकासाठी झगडत होते. लेंगलेनला फ्रान्ससाठी खेळता येईल असा चषकच नव्हता.

७/
भारतातही अशी एक खेळाडू होती. मुंबईची लीला रो. १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तिची आई पंडिता क्षमा राव. पुण्यात जन्मलेल्या, प्राच्यविद्या पंडित शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे त्यांनी संस्कृतात लिहिली, आणि त्या स्वतःही टेनिस खेळत. अशा घरातील मुलगी विम्बल्डनपर्यंत पोहोचली, तिथे जिंकली. पण तिच्या पाठीमागे भारताचा संघ कधीच उभा राहणार नव्हता, कारण संघ पाठवावा अशी जागाच नव्हती. व्यक्ती म्हणून तिला दार उघडे होते, देशाची प्रतिनिधी म्हणून नव्हते.

८/
महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेची कल्पना त्या काळाला झेपणारी नव्हती, असे कोणी म्हणेल. बॅडमिंटनचा इतिहास हे म्हणणे टिकू देत नाही. पुरुषांचा थॉमस चषक १९४८-४९ च्या हंगामात सुरू झाला आणि महिलांचा उबर चषक १९५६-५७ मध्ये. अंतर आठ वर्षांचे. इंग्लंडची खेळाडू बेटी उबर हिने कल्पना मांडली, चषक दिला आणि तिच्या खेळाच्या कारभाऱ्यांनी तो स्वीकारला. टेनिसमध्ये याच दोन टप्प्यांमध्ये ६३ वर्षे गेली.

९/
या दिरंगाईचे मूळ हिशोबाच्या वहीत शोधावे लागते. १९६८ पूर्वी मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या होत्या. बक्षिसाची रक्कम उघडपणे स्वीकारता येत नसे. परदेशी जायचे तर राष्ट्रीय संघटनेची परवानगी हवी आणि तिकिटाचे पैसेही तिनेच द्यायचे. पुरुष संघावर होणारा खर्च ‘देशाच्या प्रतिष्ठेसाठी’ या सदरात बसत असे. महिला संघाचा खर्च बसवायला सदरच नव्हते. मग तिकिटांची विक्री होईल का, प्रेक्षक येतील का, किती देश संघ पाठवतील, असे प्रश्न उपस्थित होत आणि ते विचारल्यावर बैठक पुढच्या विषयाकडे वळे.

१०/
हे प्रश्न कोणी खरोखरच विचारून पाहिले तर? नेमके हेच दोन स्त्रियांनी केले. ऑस्ट्रेलियाचे विख्यात डेव्हिस चषक कर्णधार हॅरी हॉपमन यांच्या पत्नी नेल हॉपमन स्वतः उत्तम खेळाडू होत्या. त्यांनी वाइटमनबाईंची जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली. दुसऱ्या मेरी हार्डविक हेअर. त्या ब्रिटनकडून वाइटमन चषकात खेळलेल्या होत्या आणि पुढे अमेरिकेत राहत होत्या. या स्पर्धेला देशोदेशी किती पाठिंबा आहे याचे पुरावे त्यांनी गोळा केले. त्यांची संचिका तयार झाली आणि १९६२ साली ती आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघापुढे ठेवण्यात आली.

११/
त्या संचिकेतून दिसले ते असे की, बहुसंख्य देशांना ही स्पर्धा हवी होती. ‘रस कोणाला आहे?’ या प्रश्नावर चार दशके जो नकार उभा होता, त्याचा आधार गेला. योगायोगाने महासंघाची स्थापना १९१३ ची. पन्नाशीचा सोहळा तोंडावर आला होता. महासंघाने स्पर्धेला मान्यता दिली आणि तिला आपलेच नाव दिले : ‘फेडरेशन कप’. पहिली स्पर्धा १९६३ च्या जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर ठरली.

१२/
मान्यता मिळाली, बरोबरी नाही. डेव्हिस चषकाच्या लढती वर्षभर देशोदेशी चालत. प्रत्येक लढत दोनांपैकी एका देशाच्या भूमीवर होई आणि तीत चार एकेरी व एक दुहेरी असे पाच सामने असत. महिलांसाठी ठरले ते असे : सर्व संघांनी एकाच शहरात यायचे, साधारण आठवडाभरात स्पर्धा उरकायची, प्रत्येक लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असे तीनच सामने. पद्धत बादफेरीची, म्हणजे हरला तो स्पर्धेबाहेर. ही रचना आटोपशीर होती आणि स्वस्तही.

१३/
या रचनेत उतरायला १६ देश आले. बक्षिसाची रक्कम नव्हती. प्रवास आणि निवास यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. सोळा संघांच्या बादफेरीत पहिल्याच फेरीनंतर आठ संघ बाहेर जातात. म्हणजे स्वखर्चाने लंडन गाठून, अवघे तीन सामने खेळून परतण्याची शक्यता निम्म्या संघांपुढे होती. तरीही सोळा देशांनी संघ पाठवले. मेरी हेअर यांच्या संचिकेची सत्यता या एका आकड्याने सिद्ध केली.

१४/
अंतिम लढत अमेरिका विरुद्ध ऑस्ट्रेलिया अशी झाली. ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट स्मिथने डार्लीन हार्डला सहज हरवले. अमेरिकेच्या एकोणीस वर्षांच्या बिली जीन मॉफिटने लेस्ली टर्नरविरुद्ध पहिला सेट गमावला, पुढचे दोन जिंकले. आता सारे दुहेरीवर आले. हार्ड-मॉफिट जोडी पहिला सेट ३-६ असा हरली. दुसरा सेट तेव्हाच्या नियमाप्रमाणे, टायब्रेकविना, १३-११ पर्यंत लांबला आणि अमेरिकेने तो घेतला. तिसरा ६-३. पहिला फेडरेशन चषक अमेरिकेकडे गेला. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला जग पुढे बिली जीन किंग या नावाने ओळखू लागले.

१५/
‘देशाचा संघ’ हे शब्द मात्र दिसतात तितके सरळ नाहीत. १९७२ साली ही स्पर्धा जोहान्सबर्गला भरली आणि यजमान दक्षिण आफ्रिकेनेच ती जिंकली. वर्णद्वेषी राजवटीखालील त्या देशाचा विजयी संघ गोऱ्या खेळाडूंचा होता. बहुसंख्य जनतेला ज्यात जागा नाही, तो संघ कोणत्या देशाचा? दोनच वर्षांनी, १९७४ साली, डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी पडली. भारताने खेळण्यास नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले. स्त्रियांना देशासाठी खेळण्याचा हक्क मिळाल्यावर त्या हक्काबरोबर येणारे प्रश्नही त्यांच्या चषकाच्या वाट्याला आले.

१६/
स्पर्धा वाढली ती पैसा आल्यावर. १९७६ साली कोलगेट कंपनी प्रायोजक झाली; १९८१ पासून १९९४ पर्यंत जपानची एनईसी कंपनी होती. संघांचा आर्थिक भार हलका होताच सहभागी देशांची संख्या झपाट्याने वाढू लागली. १६ पासून निघालेला आकडा १९९४ पर्यंत ७३ झाला. खेळणाऱ्या स्त्रिया त्या देशांत आधीही होत्या. त्यांच्या प्रवासाची सोय नव्हती.

१७/
या चषकाच्या इतिहासातील सर्वांत भावपूर्ण प्रसंग १९८६ चा, प्रागचा. त्याची पूर्वपीठिका अशी. १९७५ च्या मे महिन्यात फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे चेकोस्लोव्हाकियाने प्रथमच फेडरेशन चषक जिंकला. त्या संघात मार्टिना नवरातिलोव्हा होती. वय अठरा. चारच महिन्यांनी, न्यूयॉर्कच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या वेळी, तिने मायदेशी परतण्यास नकार देऊन अमेरिकेत आश्रय मागितला. तेथील साम्यवादी राजवटीच्या लेखी ती देशद्रोही ठरली. १९८१ साली तिला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. पण जन्मभूमीचे दार बंद होते.

१८/
दरम्यान चेकोस्लोव्हाकियाने १९८३, १९८४ आणि १९८५ असा सलग तीन वेळा चषक पटकावला. हाना मांडलिकोव्हा आणि हेलेना सुकोव्हा या जोडगोळीचा तो पराक्रम. १९८६ ची स्पर्धा प्रागला भरणार होती. त्यासाठी व्हल्टावा नदीतील श्टवानित्से बेटावर नवे स्टेडियम बांधले गेले. अमेरिकेच्या संघात ख्रिस एव्हर्ट होती, पॅम श्रायव्हर होती आणि नवरातिलोव्हाही होती. जागतिक स्पर्धेचे यजमानपद घेतल्यावर पाहुण्या संघात कोण असावे हे ठरवणे यजमान सरकारच्या हाती राहिले नाही. अकरा वर्षांनी ती परतली, हाती अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन.

१९/
सरकारी प्रसारमाध्यमे तिचे नाव टाळत होती. प्रेक्षकांनी ते टाळले नाही. तिच्या प्रत्येक सामन्याला गर्दी झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अंतिम लढत अमेरिका आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यातच आली. एव्हर्टने सुकोव्हाला हरवले, नवरातिलोव्हाने मांडलिकोव्हाला. दुहेरीही अमेरिकेने जिंकली. लढत ३-० अशी संपली. यजमान देशाचा संघ हरला होता आणि त्याच देशाचे प्रेक्षक पराभव करणारीचा जयजयकार करत होते. समारंभात ती चेक भाषेत बोलली. तिला अश्रू आवरले नाहीत, समोरच्या अनेकांनाही नाही. कोण आपले आणि कोण परके, याचा सरकारी निवाडा स्टेडियममधील लोकांनी त्या दिवशी स्वीकारला नाही. १९१९ सालच्या प्रस्तावकर्त्यांना चषक म्हणजे खेळाची एक लढत वाटली असेल. तिच्यात हे सामर्थ्यही दडलेले होते.

२०/
एकाच शहरात भरणाऱ्या स्पर्धेची उणीवही प्रागने दाखवून दिली. आपल्या देशाचा संघ आपल्या डोळ्यांनी पाहण्याचा आनंद त्या वर्षी चेक प्रेक्षकांना मिळाला. इतर देशांतील मुलींना तो वर्तमानपत्रातून मिळायचा तेवढाच. संघांची संख्या वाढल्यामुळे १९९२ पासून खंडनिहाय पात्रता फेऱ्या आल्या. १९९५ साली नाव आटोपशीर होऊन ‘फेड कप’ झाले आणि लढती डेव्हिस चषकाप्रमाणे दोनांपैकी एका देशाच्या भूमीवर होऊ लागल्या. चार एकेरी, एक दुहेरी. त्याच वर्षी वलेन्सियाच्या अंतिम लढतीत स्पेनने स्वतःच्या प्रेक्षकांसमोर अमेरिकेला ३-२ असे नमवले. पुरुषांना १९०० पासून असलेली सोय महिलांना मिळायला ९५ वर्षे लागली.

२१/
सप्टेंबर २०२० मध्ये चषकाचे तिसरे बारसे झाले : ‘बिली जीन किंग कप’. पहिल्या विजेत्या संघातील ती एकोणीस वर्षांची खेळाडू पुढे खेळाडू व कर्णधार म्हणून एकूण दहा विजेतेपदांत सहभागी झाली. समान बक्षिसासाठी लढली आणि १९७३ साली महिला टेनिसपटूंची संघटना तिने उभी केली. सन्मान यथोचितच होता. महिलेचे नाव धारण करणारी ही पहिली मोठी जागतिक सांघिक स्पर्धा, असे तेव्हा सांगितले गेले. इतिहासाच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. बेटी उबरच्या नावाचा चषक तेव्हा सहा दशकांहून जुना होता. एका खेळाचा गौरव करताना दुसऱ्या खेळातील स्त्रीची आठवण राहू नये, हे इतिहासात पुष्कळदा घडते. त्यामागे दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही. चौकशी न करणेही पुरते.

२२/
आणखी एक वळण. त्याच सुमारास स्पर्धेची रचना बदलून अंतिम टप्पा पुन्हा एका शहरात, सलग काही दिवसांत खेळवण्याचे ठरले. महासाथीमुळे तो लांबला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पार पडला. शहर होते प्राग. १९६३ ची रचना काटकसरीतून आली होती. आता तीच रचना दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी आणि मोठ्या बक्षिसांसह परतली. मायदेशी खेळण्याचा हक्क मिळवायला ज्यांना तीन दशके लागली, त्यांना तो अडीच दशकांनंतर अंशतः परत द्यावा लागला.

२३/
आणि भारत? १९९१ च्या पदार्पणानंतर भारतीय संघाचा बराच काळ आशिया-ओशेनिया गटात गेला. मार्च २०२० मध्ये दुबईत सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्या संघाने जागतिक गटाच्या प्लेऑफपर्यंत प्रथमच मजल मारली. सानिया तेव्हा मातृत्वानंतर नुकतीच मैदानात परतली होती. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे हीदेखील या चषकात भारताकडून खेळलेली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती दुहेरीत सानियाची जोडीदार होती.

२४/
एप्रिल २०२५ मध्ये आशिया-ओशेनिया गटाच्या लढती पुण्यात झाल्या, म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. सहा देश आले होते. श्रीवल्ली भमिडिपाटीने तिचे पाचही एकेरी सामने जिंकले आणि भारत गटात दुसरा येऊन प्लेऑफसाठी पात्र ठरला. ज्या पुण्यात क्षमा राव जन्मल्या, त्या पुण्यात भारताच्या महिला संघासाठी लोक टाळ्या वाजवत होते. लीला रोच्या विम्बल्डन विजयाला तेव्हा ९१ वर्षे झाली होती.

२५/
हेझल वाइटमन १९७४ साली वारल्या. आपली कल्पना १९६३ मध्ये प्रत्यक्षात आलेली त्यांना पाहता आली. त्यांच्या कलशाने दोन देशांत ती कल्पना जिवंत ठेवली नसती, तर मेरी हेअर त्या लढतीत खेळल्या नसत्या आणि कदाचित ती संचिकाही तयार झाली नसती.

२६/
जुनी कागदपत्रे वाचताना ‘मागणी नव्हती’, ‘प्रतिसाद मिळाला नसता’, ‘कोणास रस नव्हता’ अशी वाक्ये वारंवार भेटतात. शाळा, ग्रंथालये, मतदान, क्रीडांगणे, विषय कोणताही असो. त्या प्रत्येक वाक्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : हे लिहिण्यापूर्वी संबंधितांना कोणी विचारले होते का? टेनिसच्या बाबतीत ४३ वर्षे कोणी विचारले नाही. मग एका बाईने विचारले, आलेली उत्तरे नीट लावून ठेवली, आणि पुढच्याच वर्षी सोळा देशांचे संघ लंडनला हजर झाले.